पाय गेलेल्या खुर्चीची हकीकत

मी एक खुर्ची बोलतेय. वाकून खाली बघू नका, मला पाय नाहीत. होते. सागाचे, भरदार, खाली वाघाच्या पंजासारखे कोरलेले. त्यांचं काय झालं तेच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, आता मला दुसरं काही जमतच नाही.

माझा जन्म सयामच्या राजधानीचा, अयुथ्याचा, नदीकाठी परदेशी लोकांची वस्ती आहे तिथला. सयाममध्ये खुर्ची फारशी कुणाला लागत नाही. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सगळे चटईवर बसतात, चटईवर जेवतात आणि भांडतातही चटईवरच. तान नावाचा चिनी सुतार होता, तो खुर्च्या बनवायचा त्या आपल्या चिनी भाऊबंदांसाठी आणि गोऱ्या टोपीकरांसाठी. एके दिवशी त्याच्या दुकानात लाम्बर्ट नावाचा वलंदेज, म्हणजे डच, व्यापारी आला. ताडमाड उंच, पोट पुढे, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल.

"खुर्ची पाहिजे," तो म्हणाला. "उंच कर. बसलो की पाय लोंबले पाहिजेत."

"एवढ्या उंचीवर बसून करणार काय?" तानने विचारलं.

"बसणार."

 तानने मन लावून मला घडवलं, वेताची बैठक विणली, हातांना गोलाई दिली, पाठ जराशी मागे कलती ठेवली. पुढे माझं जे काही भलं झालं ते त्या कलत्या पाठीमुळे. पण तेव्हा मला गर्व होता तो पायांचाच.

लाम्बर्टच्या घरी माझी गाठ ओनसीशी पडली. ओनसी त्याची इथलीच बायको. घर ती चालवायची आणि धंदाही तीच. लाम्बर्ट हरणाची कातडी जपानला पाठवायचा, पण रानात जाऊन पारध्यांशी घासाघीस करायची ओनसीने, कातडी उन्हात वाळवून घ्यायची ओनसीने, आणि ओल्या कातड्याला खडे बोल सुनावायचे तेही ओनसीनेच. लाम्बर्टचं काम जहाज ठरवायचं आणि धक्क्यावर उभं राहून मोठा दिसायचं. ते तो फार चांगलं करायचा.

उंच खुर्चीचं खरं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. तो बसला आणि "आईगं" म्हणाला, त्याच्या भाषेत. तरुणपणी जहाजाच्या तळात पडून त्याचा उजवा गुडघा गेला होता. तो वाकायचा नाही, आणि वाकलाच तर उलगडायचा नाही. हे फक्त ओनसीला ठाऊक होतं, आणि आता मला. बाकी जगाला तो सांगायचा की आमच्या देशात प्रतिष्ठित माणूस जमिनीवर बसत नाही. लोकांनी उद्धट म्हटलेलं त्याला चालायचं. म्हातारा म्हटलेलं चालायचं नाही.

असं सगळं सुरळीत होतं. मग नदीच्या मुखाजवळच्या नाक्यावर नवा सुभेदार आला.

या सुभेदाराला सगळे ओक्या म्हणायचे, तो त्याचा हुद्दाच. त्याने नियम काढला की ज्याचं जहाज समुद्रात जायचं आहे त्याने स्वतः समोर यावं, रीतीप्रमाणे नमस्कार करावा आणि मग परवान्यावर शिक्का घ्यावा. रीतीप्रमाणे म्हणजे गुडघ्यांवर आणि कोपरांवर, डोकं चटईला टेकवून.

लाम्बर्ट म्हणाला, "मी माझ्या खुर्चीवर बसून बोलेन. हा माझ्या देशाच्या मानाचा प्रश्न आहे."

ओनसी सुपारी कातरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या देशाचा मान गुडघ्यात असतो हे मला माहीत नव्हतं."

"ओनसी, हे बाहेर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू? पण कातडी महिनोन् महिने कोठारात राहिली तर त्यांना कसर लागेल. आणि जपानकडचा वारा तुमच्या मानासाठी थांबायचा नाही."

ठरलं. आम्ही निघालो. पहिला घोटाळा घरापाशीच झाला. हमालांनी मला डोक्यावर घ्यायला साफ नकार दिला. त्यांचंही बरोबरच होतं. इथे माणसाचं डोकं म्हणजे पवित्र जागा. जिथे दुसऱ्याचं बूड टेकतं ती वस्तू तिथे कोण ठेवील? शेवटी त्यांनी मला उलटं करून बांबूला बांधलं आणि बाजारात डुक्कर नेतात तसं चार पाय वर करून होडीपर्यंत नेलं. नदीकाठची सगळी माणसं बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "ताजं आहे का?"

ओक्याच्या कचेरीत मात्र कडक शांतता होती. लांबलचक दालन, गुळगुळीत फरशी, आणि सगळी माणसं पालथी. समोर चौथऱ्यावर ओक्या. लहानखुरा, वाळका माणूस, डोक्यावर पांढरी, उंच, निमुळती टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली. तोंडात विडा. चेहऱ्यावर काही नाही.

लाम्बर्टने मला मधोमध ठेवलं आणि बसला. त्याचे पाय लोंबले. त्याचं डोकं ओक्याच्या टोपीच्या टोकाच्याही वर गेलं.

 सेंग नावाचा कारभारी होता, दरबारी रीतभात पाहणं हे त्याचं काम. तो सरपटत आमच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं डोकं."

"काय झालं माझ्या डोक्याला?"

"वर आहे."

"ते नेहमी वरच असतं."

"ओक्यासाहेबांच्या वर आहे, साहेब."

लाम्बर्टने मान थोडी खाली घातली. फरक पडला नाही. ओक्याने विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, विड्याचं तबक उचलायची खूण केली आणि भेट संपली. तो एक शब्दही बोलला नव्हता.

घरी आल्यावर ओनसीने तानला बोलावलं. करवत पाहून माझ्या अंगावर काटा आला. तानलाही वाईट वाटत होतं, निदान तसं तो म्हणाला. माझे पंजे गेले. वाघाचे पंजे कोरायला त्याला जेवढा वेळ लागला होता त्याहून कितीतरी कमी वेळात त्याने ते उतरवले. ओनसीने ते वाया घालवले नाहीत, माशाच्या खारवणाचा रांजण डुगडुगत होता त्याच्याखाली लावले.

दुसऱ्या भेटीला लाम्बर्टचं डोकं ओक्याच्या टोपीच्या टोकाखाली होतं. तो खुशीत होता. पण सेंग बांबूची कामटी घेऊन आला आणि दोघांच्या उंचीकडे डोळे बारीक करून पाहत राहिला.

"आता काय राहिलं?" लाम्बर्ट कुजबुजला.

"टोपी मोजायची की डोकं, हा प्रश्न आहे साहेब. टोपी धरली तर तुम्ही खाली आहात. डोकं धरलं तर सांगता येत नाही."

"का सांगता येत नाही?"

सेंग आणखी खाली झुकला. "ओक्यासाहेबांचं डोकं टोपीच्या आत नेमकं कुठे संपतं, ते कुणी पाहिलेलं नाही. आणि विचारायची सोय नाही."

"मग तुमच्या साहेबांचा चौथरा वाढवा ना."

"चौथऱ्यावरच्या कोनाड्यात महाराजांचं आज्ञापत्र ठेवलंय. साहेब वर गेले तर साहेबांचं डोकं आज्ञापत्राच्या वर जाईल. मग माझं डोकं माझ्यापाशी राहणार नाही."

  सयामी टोपीत डोकं कुठवर असू शकेल याचा सेंगने पुष्कळ विचार केला आणि जोखीम नको म्हणून ओक्याच्या भुवईची रेघ धरली. पुन्हा करवत आली. माझे पाय आता आखूड, स्वयंपाकघरातल्या पाटाला शोभतील असे झाले.

तिसरी भेट सगळ्यांत वाईट. बैठक एवढी खाली आल्यावर लाम्बर्टचा डावा गुडघा कानाशी आला आणि न वाकणारा उजवा पाय सरळ समोर ताठ झाला. जोड्याचा तळवा नेमका ओक्याच्या तोंडाकडे. या देशात याहून मोठा अपमान करायचा म्हटला तर फार विचार करावा लागेल. मागच्या रांगेतल्या कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. सेंगने डोळे मिटून घेतले. ओक्याच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही उमटलं नाही, पण विडा चावायचा थांबला. आम्हांला बाहेर काढण्यात आलं.

त्या दिवशी घरी जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. कोठारातून वास येत होता. ओनसीने एक कातडं आणून लाम्बर्टच्या पुढ्यात टाकलं. त्याला बारीक बारीक भोकं पडली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "कसर लागली."

"मी काय करू? तो माणूस मुद्दाम अडवतोय."

"त्याला सांगा, माझा गुडघा गेलाय."

"मी भीक मागायला जाणार नाही."

ओनसी त्याच्यासमोर खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ही कातडी मी आणलीत. डास फोडत होते तेव्हा रानात मी बसले होते पारध्यांपुढे. आठ दिवस अंगातून ताप गेला नाही. तेव्हा मी म्हटलं का, माझा मान? तुमचा मान तुम्ही ठेवा, साहेब. माझी कातडी मला जहाजावर चढवून द्या."

लाम्बर्टने तोंड खिडकीकडे वळवलं. "अपंग म्हणून लोक सौदा पाडून मागतील, ओनसी," तो म्हणाला. "म्हातारा झाला म्हणतील. तूही म्हणशील एक दिवस."

"मी तर रोजच म्हणते," ती म्हणाली. "गेले का सोडून?"

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा सैल झाले. तरी खरं सांगायला काही तो तयार झाला नाही. मग ओनसीने त्याला न विचारता तानला बोलावलं आणि माझे उरलेसुरले पायही काढून टाकायला लावले. आता मी म्हणजे बैठक, पाठ आणि दोन हात, थेट जमिनीवर. तिने आपलं एक चांगलं रेशमी लुगडं माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत पदरासारखं बांधलं, म्हणजे बसणाऱ्याचे पाय त्याच्याखाली झाकले जातील.

"पाय दिसले नाहीत की कुणाकडे रोखले असं कोण म्हणणार?" ती म्हणाली.

लाम्बर्टने मला पाहिलं आणि खिन्न आवाजात म्हणाला, "ही खुर्ची आहे?"

मला लागलं ते. पण प्रश्न बरोबर होता.

शेवटच्या भेटीला आम्ही गेलो तेव्हा वारा फिरायच्या बेतात होता आणि जहाजाचा कप्तान आता थांबणार नाही म्हणत होता. लाम्बर्टने माझ्या पाठीला धरून आपला देह हळूहळू खाली सोडला. शेवटच्या टप्प्यात हात सुटला आणि तो धपकन माझ्यात आला. माझे दोन्ही हात त्याच्या कमरेत गच्च रुतले. वेत करकरला. पण पाय लुगड्याखाली झाकले गेले होते आणि डोकं ओक्याच्या छातीच्याही खाली होतं.

सेंगने पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. ओक्याने मान हलवली आणि पहिल्यांदाच बोलला.

"ठीक आहे. परवाना घ्यायला पुढे या."

पुढे यायचं म्हणजे उठायचं, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

लाम्बर्टने जोर लावला. काही झालं नाही. चांगला गुडघा टेकून त्याने पुन्हा जोर लावला आणि उठला, पण मीही त्याच्याबरोबर उठले. मी सुटायचा प्रयत्न करत होते, खरं सांगते, पण त्याची कंबर आणि माझे हात यांच्यात केसाएवढी फट नव्हती. तो कमरेत वाकून उभा, त्याच्या बुडाला मी, माझ्याखाली लोंबणारं रेशमी लुगडं, आणि दालनातल्या प्रत्येक डोक्याच्या वर तो. बाकीचे पालथे होते म्हणून बरं. पाहिलं ते दोघांनीच, ओक्याने आणि सेंगने.

लाम्बर्टच्या लक्षात आलं की आपण वर आहोत. खाली व्हायच्या घाईत त्याने एक पाऊल टाकलं, पाय लुगड्यात अडकला, गुडघ्याने दगा दिला, आणि तो सरळ पुढे पडला. दोन्ही गुडघे फरशीवर, दोन्ही कोपरं फरशीवर, कपाळ फरशीवर. मी त्याच्या पाठीवर.

 सेंगने जन्मभर माणसांना नमस्कार शिकवले होते. तो भारावलेल्या आवाजात पुटपुटला, "असा नमस्कार मी आजवर पाहिला नाही. स्वतःचं आसन पाठीवर घेऊन."

मग एक आवाज आला. आधी वाटलं ओक्याला ठसका लागला. पण तो हसत होता. हसता हसता त्याची हनुवटीखालची दोरी सुटली, ती उंच टोपी कलली आणि चौथऱ्यावरून गडगडत खाली आली. तिच्याखाली एक छोटंसं, गोल, तुळतुळीत टक्कल होतं. सेंगने घाईने नजर फरशीत घातली, पण मला वाटतं त्याने उंची तेवढ्यात मोजून घेतली असावी.

"उठा आता," ओक्या डोळे पुसत म्हणाला.

"येत नाही उठता," लाम्बर्ट फरशीत तोंड खुपसूनच म्हणाला. "गुडघा."

"गुडघ्याला काय झालंय?"

"तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

ओक्या चौथऱ्यावरून खाली उतरला. सुभेदार स्वतः खाली आला, टोपीविना, आणि सेंगच्या मदतीने मला ओढू लागला. एक हात सेंगकडे, एक हात ओक्याकडे. बाटलीचं बूच निघावं तशी मी निघाले. मग त्या दोघांनी लाम्बर्टला हळूच कुशीवर वळवलं आणि त्याच्या डोक्याखाली उशी दिली.

"आधी का नाही बोललात?" ओक्याने विचारलं. "दुखणेकऱ्याला चटईवर आडवं होऊन बोलायची मुभा आहे आमच्याकडे. मला वाटलं तुम्हांला माज आहे. तुम्ही देशाचा मान काढलात, मग मलाही माझ्या देशाचा काढावा लागला."

 लाम्बर्टचा चेहरा लाल होताच, आणखी लाल व्हायला जागा नव्हती.

ओक्या दमला होता. जवळ मीच होते. तो सहज माझ्यात टेकला आणि मागे कलला. त्याच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला. आयुष्यभर पाठ ताठ ठेवून बसलेला माणूस पहिल्यांदा मागे टेकला की कसा आवाज काढतो, तो मी त्या दिवशी ऐकला.

"शिक्का आण," तो सेंगला म्हणाला. "आणि ही इथेच राहू दे."

कातडी जहाजावर चढली. थोडी कसरीने खाल्ली होती, बाकीची जपानला पोहोचली. ओनसीने नवं लुगडं घेतलं. लाम्बर्ट पुढे वलंदेजांच्या वखारीत बसून सांगायचा, "सयामचा सुभेदार आपलं आसन सोडून, उघड्या डोक्याने, चालत माझ्यापाशी आला." ते ऐकून नवे टोपीकर फार प्रभावित व्हायचे. शब्दन् शब्द खरा होता, म्हणून ओनसीही गप्प राहायची.

मी कितीतरी वर्षं ओक्याच्या चौथऱ्यावर काढली. लाम्बर्टला तो अधूनमधून बोलावून घ्यायचा, काम नसतानाही. ओक्या माझ्यात रेललेला, लाम्बर्ट चटईवर आडवा पडलेला, मध्ये विड्याचं तबक, आणि दोघेही जहाजांच्या आणि हवामानाच्या तक्रारी करायचे. पुढे राजधानीत माणसं बदलली, ओक्याची सुभेदारी गेली. त्याने मोठी टोपी परत केली, मला मात्र केलं नाही. नदीकाठच्या विहाराला दान दिलं.

विहारातले मोठे भंते व्यवहारी होते. त्यांनी मला प्रवचनाच्या मंडपात एका खांबाला टेकवून ठेवलं आणि सांगितलं, ज्याचे गुडघे दुखतात त्याने इथे बसून ऐकावं. गावात एवढे गुडघे दुखत असतील याची त्यांना कल्पना नव्हती. उपोसथाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या व्रताच्या दिवशी माझ्यासाठी पहाटेपासून रांग लागायची. म्हाताऱ्या एकमेकींचे आजार खोटे ठरवायच्या.

त्या रांगेत लाम्बर्टही यायचा. धर्म वेगळा असला तरी गुडघा इथेच राहतो, असं तो म्हणायचा. आणि आता गुडघे गेलेला ओक्याही यायचा.

"तू बस," ओक्या म्हणायचा. "खुर्ची मुळात तुझी."

"मी तुला दिली होती का? तू ठेवून घेतलीस."

"मग आता घे परत."

"वाटून घेऊ," लाम्बर्ट म्हणाला.

तेव्हापासून ठरलं. अर्धं प्रवचन ओक्या माझ्यात बसायचा, उरलेलं अर्धं लाम्बर्ट. मध्ये दोघांची उठबस एवढा वेळ चालायची की भंते तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचे. कुणाचं डोकं वर आणि कुणाचं खाली याकडे त्या मंडपात कुणाचं लक्ष नसायचं. वर फक्त बुद्ध होते, आणि त्यांच्या खांद्यावर चिमण्या बसलेल्या असायच्या.

गेल्या पावसाळ्यात लाम्बर्ट वारला. दमा झाला होता. ओनसीने त्याला वलंदेजांच्या दफनभूमीत पुरलं आणि आपल्या रीतीने विहारात जेवणही घातलं.

त्यानंतरच्या उपोसथाला ओक्या एकटा आला. माझ्यात बसला. प्रवचन अर्ध्यावर आलं तसा सवयीने खांब धरून उठला आणि बाजूला चटईवर जाऊन बसला, चेहरा वेडावाकडा करत. भंतेही सवयीने पाणी प्यायला थांबले. एका आजीला मी मोकळी दिसले, ती लगबगीने आली.

"थांबा," ओक्या म्हणाला. "त्याची पाळी आहे."

आजी थांबली. सगळा मंडप थांबला. भंत्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग मागच्या रांगेतून ओनसी उठली, माणसांमधून वाट काढत पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"त्याचं सगळं माझ्याकडे आलंय," ती ओक्याला म्हणाली. "घर, होडी, उधाऱ्या. ही पाळीपण माझीच. सरका जरा."

ओक्या सरकला. ती बसली, मागे टेकली, आणि भंत्यांना म्हणाली, "हं, चालू द्या."

आता दर उपोसथाला असंच असतं. माझा वेत दोनदा बदललाय, डाव्या हाताचा सांधा ढिला झालाय, पण मी आहे. तुमचं कधी या बाजूला येणं झालं आणि गुडघे दुखत असतील, तर खुशाल या. रांगेत उभे राहा. सांधा ढिला दिसला तर काथ्याने आवळून बांधा, हवं तर राळ लावा. एवढीच विनंती की सुताराला बोलावू नका.